रेणू एकच, मग बर्फाचे वीस प्रकार कसे?

तुमचा प्रश्न असा: "बर्फाचे वीसएक प्रकार असतात आणि त्यातला एखादा उकळत्या पाण्याइतका गरम असूनही घन राहतो, असं वाचलं. पाण्याचा रेणू तर एकच आहे. मग हे होतं कसं? आणि आपल्या फ्रीजमधला बर्फ यातला कुठला?"

शेवटचं आधी सांगतो. तुमच्या फ्रीजमधला, हिमालयातला, अंटार्क्टिकावरचा, वळवाच्या गारेतला, असा सगळा बर्फ जवळजवळ एकाच प्रकारचा असतो: पहिला बर्फ, षट्कोनी. बाकीचे प्रकार आपल्याला रोजच्या जगात भेटत नाहीत. कुणाला हजारो पट दाब लागतो, कुणाला भयंकर थंडी, कुणाला दोन्ही. पण ते का तयार होतात हे समजायला आधी हा पहिला बर्फच नीट पाहावा लागतो. माझ्या मते ही सगळी गोष्ट त्याच्या पोटातल्या रिकाम्या जागेची आहे.

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. बर्फाचा धडा आला की मी मुलांना शाडूचे गोळे आणि खराट्याच्या काड्या आणायला सांगायचो. गोळा म्हणजे ऑक्सिजन. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनला दोन हायड्रोजन चिकटलेले असतात आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला इलेक्ट्रॉनांच्या दोन मोकळ्या जोड्या असतात. म्हणजे त्याला चार हात आहेत असं समजा. दोन हातांनी तो आपला हायड्रोजन शेजाऱ्याकडे पुढे करतो, दोन हातांनी शेजाऱ्यांचा हायड्रोजन धरतो. हेच हायड्रोजन बंध. हे चार हात एकमेकांपासून होता होईल तितके लांब राहतात, तीन पायांच्या तिवईवर मधोमध एक काठी उभी करावी तसे. दोन हातांमधला कोन सुमारे १०९.५ अंशांचा आणि शेजारच्या दोन ऑक्सिजनांमधलं अंतर ०.२७६ नॅनोमीटर.

एवढाच नियम पाळत मुलं काड्या जोडत गेली की षट्कोनी कडी आपोआप तयार व्हायची. सहाचा आकडा मी सांगितलेला नसायचा, तो कोनातूनच यायचा. कड्यांवर कड्या रचल्या की मधून आरपार बोगदे दिसायला लागायचे. मग दरवर्षी एकच तक्रार: "सर, हे नुसतं पोकळच होतंय." तेच मला त्यांच्या तोंडून ऐकायचं असायचं.

किती पोकळ, याचा हिशेब सोपा आहे. हेच रेणू, मधलं अंतर तेच ठेवून, गोट्या भरतात तसे दाटीवाटीने रचले तर प्रत्येकाला बारा शेजारी मिळतात आणि घनता दर घन सेंटिमीटरला २ ग्रॅमच्या जवळपास येते. प्रत्यक्ष बर्फाची घनता आहे ०.९१७. म्हणजे निम्म्याहूनही कमी. पाण्याच्या रेणूला बारा शेजारी नको आहेत, चारच हवेत, पण ते चार घट्ट आणि नेमक्या दिशेला हवेत. दिशेच्या या हट्टापायी केवढी तरी जागा रिकामी राहते. बर्फ वितळला की हे जाळं जागोजागी ढासळतं, काही रेणू त्या पोकळीत घुसतात आणि पाणी बर्फापेक्षा जड होतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते, ती याचमुळे.

इथे एक आकडा मला फार बोलका वाटतो. ० अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी ० वरून ८० अंशांच्या आसपास नेता येतं. अप्रकट उष्मा म्हणून आपण हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण बर्फाची थेट वाफ करायला जी उष्णता लागते तिच्या पुढे ही वितळण्याची उष्णता जेमतेम आठवा हिस्सा आहे. म्हणजे वितळताना हायड्रोजन बंधांची फार मोठी मोडतोड होत नाही. पाण्यातही रेणूंनी एकमेकांचे हात बऱ्यापैकी धरलेलेच असतात. फक्त ती पकड वाकडी, सैल आणि क्षणाक्षणाला बदलणारी असते.

माझं लहानपण रत्नागिरीत गेलं. घरापासून हाकेच्या अंतरावर मच्छीमार बोटींना बर्फ पुरवणारा कारखाना होता. लांबलचक लोखंडी डबे पाण्याने भरून थंडगार खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडायचे आणि प्रत्येक डब्यात नळीने हवा बुडबुडत ठेवायची. हवा कशाला, असं मी विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, "हवा थांबली की लादी पांढरी पडते." तेव्हा मला ते उलटंच वाटलं. पांढरेपणा हवेच्या बुडबुड्यांचा, आणि हा हवा सोडून तो घालवतोय! पुढे शिकल्यावर उलगडा झाला. स्फटिक वाढत जातो तसा तो विरघळलेली हवा आणि क्षार स्वतःबाहेर ढकलतो. पाणी ढवळत राहिलं तर बर्फाच्या भिंतीला चिकटू पाहणारे बुडबुडे निघून जातात आणि ढकललेले क्षार उरलेल्या पाण्यात मिसळतात. ढवळलं नाही तर ते सगळं जागच्या जागी कोंडलं जातं. डब्याच्या मधोमध शेवटी जे पाणी उरतं त्यात सगळा मचूळपणा गोळा होतो, म्हणून चांगल्या लादीसाठी ते शोषून काढून नवीन पाणी भरतात. फ्रीजमधल्या खड्याच्या मध्यभागी पांढरट ढग दिसतो तोही हाच.

मग बर्फात एवढी जागा रिकामी असताना मीठ आत का शिरत नाही? कारण जागा आहे, पण पाहुण्याला धरायला एकही हात मोकळा नाही. प्रत्येक रेणूचे चारही हात गुंतलेले. मिठाचा सोडियम किंवा क्लोरिन आत बसवायचा तर बंध तोडावे लागतात, आणि ते बर्फाला परवडत नाही. ध्रुवाजवळच्या समुद्रावर साचलेला जुना बर्फ जवळपास गोडा होतो तो यामुळेच. याला अपवाद फार थोडे. अमोनियम फ्लोराईड हा त्यातला एक. तो स्वतःच चार शेजाऱ्यांच्या रचनेत बसतो, म्हणून बर्फ त्याला जाळ्यात सामावून घेतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. या पोकळ घरावर दाब टाकत गेलं तर काय होईल?

सुरुवातीला घर कोसळतं. बर्फापेक्षा पाणी कमी जागा घेतं, म्हणून दाब वाढला की कल पाण्याकडे जातो आणि वितळणबिंदू खाली उतरतो. पण किती? साधारण १३५ वातावरण दाबाला एक अंश (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा असतो तेवढा दाब). (पुस्तकांत अजूनही असतं की स्केटिंग करणाऱ्याच्या पात्याखाली दाबामुळे बर्फ वितळतो आणि तो घसरतो. या आकड्यावरून दिसेल की उणे दहा अंशांच्या बर्फावर ते पुरेसं नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर, शून्याच्या खालीसुद्धा, पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. ही कल्पना मायकेल फॅरडेने १८५० मध्येच मांडली होती. घसरण्याचं श्रेय त्या थराला आणि घर्षणाच्या उष्णतेला जातं. मीही सुरुवातीची काही वर्षं वर्गात चुकीचंच शिकवलं, त्याची आजही चुटपुट लागते.) अंटार्क्टिकात जवळजवळ चार किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली व्होस्तोक नावाचं द्रव पाण्याचं सरोवर आहे. तिथे दाबामुळे वितळणबिंदू शून्याखाली दोन-तीन अंश उतरलेला आहे, आणि खालून जमिनीची ऊब येते.

दाब वाढवत राहिलं तर वितळणबिंदू उणे २२ अंशांपर्यंत घसरतो. तेव्हा दाब सुमारे २०७० वातावरण इतका असतो. समुद्राच्या सगळ्यांत खोल गर्तेच्या तळाशीही याच्या निम्म्याच्या आसपासच भरतो. आणि इथून गोष्ट उलटी फिरते. पाणी आता वेगळ्याच प्रकारे गोठतं. या बर्फाची घनता पाण्यापेक्षा जास्त, तो स्वतःच्या पाण्यात बुडतो. हा तिसरा बर्फ. दुसरा आणि तिसरा बर्फ गुस्टाव्ह टामानने १९०० साली शोधून काढले. १९१२ मध्ये हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमनने त्यात पाचव्या-सहाव्याची भर घातली आणि १९३७ मध्ये सातव्याची. ब्रिजमनचं खरं कौतुक त्याच्या उपकरणाचं. इतक्या दाबाला सांध्यांतून गळती होते ही सगळ्यांची अडचण होती. त्याने सांधा असा रचला की आतला दाब वाढेल तसा तो आणखी घट्ट बसावा. १९४६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला उच्च दाबावरच्या कामासाठी मिळालं.

या सगळ्या प्रकारांत रेणू काय करतात हे पाहण्यासारखं आहे. दाब त्यांना सांगतो, जागा कमी करा. पण चार हात सोडायची त्यांची तयारी नसते. मग दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या बर्फात ते कोन वाकवतात, षट्कोनाऐवजी चार, पाच, आठ रेणूंची कडी करतात, जाळं पिरगळतात. कोन बिघडला तरी चालेल, शेजारी चारच. दाब आणखी वाढला की वाकवून भागत नाही. तेव्हा त्यांना जी युक्ती सापडते ती मला निसर्गातली अत्यंत देखणी वाटते: एका जाळ्याच्या पोकळीत दुसरं संपूर्ण जाळं गुंफायचं. सहाव्या आणि सातव्या बर्फात अशी दोन-दोन जाळी एकमेकांतून गेलेली आहेत. सातव्यात तर प्रत्येक ऑक्सिजनभोवती आठ ऑक्सिजन जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात, पण हात फक्त चौघांना दिलेला. उरलेले चार दुसऱ्या जाळ्यातले, अगदी खेटून उभे, तरी अनोळखी.

एका वर्षी एका मुलीने हे वर्गात करून पाहिलं. आधी एक जाळं पूर्ण केलं आणि दुसरं त्यात सरकवायला गेली. अर्थातच जमेना. मग लक्षात आलं की पहिल्याच्या काड्या सोडून दोन्ही जाळी एकदमच बांधत जावी लागतात. बर्फालाही एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना बंध तोडून पुन्हा बांधावे लागतात. म्हणूनच खूप थंडीत हे बदल रेंगाळतात. उणे १९६ अंशांना पहिल्या बर्फावर दहा हजार वातावरणांचा दाब दिला, तर रेणूंना नवी घडी बसवायला सवडच मिळत नाही आणि जाळं काचेसारखं अस्ताव्यस्त दाबलं जातं. ओसामु मिशिमा आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हे करून दाखवलं.

'गरम बर्फ' तो हाच सातवा. साध्या खोलीच्या तापमानाला पाणी दहा हजार वातावरणांच्या जवळपास दाबलं की सहावा बर्फ होतो, एकवीस-बावीस हजारांपलीकडे सातवा, आणि पंचवीस हजारांच्या सुमाराला सातवा बर्फ १०० अंशांनाही घन राहतो. हाताला चटका देईल असा बर्फ, पण हात लावण्यापुरता दाब काढला की तो बर्फ उरणार नाही. त्याची घनता पाण्याच्या दीडपटीहून जास्त. प्रयोगशाळेत हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये पाण्याचा कण चिमटून तो करतात. आणि २०१८ मध्ये तो निसर्गातही सापडला, तोही हिऱ्यातच. आफ्रिकेतल्या आणि चीनमधल्या काही हिऱ्यांच्या पोटात, जमिनीखाली शेकडो किलोमीटरवर कोंडलं गेलेलं पाणी होतं. हिरा वर आला, थंड झाला, पण त्याच्या कडक भिंतींनी आतला दाब सोडला नाही, म्हणून पाण्याचा सातवा बर्फ झाला. आता तो रीतसर खनिज म्हणून गणला जातो.

याच्याही पुढे, सहा-सात लाख वातावरणांपलीकडे, हायड्रोजन दोन ऑक्सिजनांच्या बरोबर मधोमध येऊन बसतो. मग तो कुणाचा हे सांगता येत नाही, आणि रेणू या शब्दालाच अर्थ उरत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या प्रचंड लेसरने पाण्याला क्षणभर याहूनही जास्त दाब आणि हजारो अंशांची उष्णता दिली, तेव्हा ऑक्सिजनांचा सांगाडा घनच राहिला आणि हायड्रोजन त्यातून द्रवासारखे वाहू लागले. हा अठरावा. युरेनस आणि नेपच्यूनच्या पोटात तो असावा असा अंदाज आहे.

पण वीसचा आकडा नुसत्या दाबाने भरत नाही. त्याला दुसरं कारण आहे, आणि मला स्वतःला तेच जास्त आवडतं. मघाच्या शाडूच्या प्रतिकृतीत गोळे म्हणजे ऑक्सिजन होते. हायड्रोजन कुठे बसवायचे? १९३३ मध्ये बर्नाल आणि फाउलर यांनी दोन नियम सांगितले: प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोनच हायड्रोजन, आणि प्रत्येक काडीवर एकच हायड्रोजन. लायनस पॉलिंगने १९३५ मध्ये दाखवलं की हे नियम पाळूनही मांडणीचे असंख्य मार्ग उरतात. त्याचा हिशेब बारावीच्या मुलाला कळेल इतका साधा आहे. चार दिशांपैकी दोन निवडायच्या, म्हणजे रेणू सहा प्रकारे बसू शकतो. प्रत्येक रेणूच्या वाट्याला दोन काड्या येतात आणि प्रत्येक काडीवर दोन्हीकडचं जुळण्याची शक्यता निम्मी. सहाला चारने भागा: दर रेणूमागे दीड मार्ग. त्यावरून त्याने भाकीत केलं की बर्फ निरपेक्ष शून्यापर्यंत, म्हणजे शक्य तितक्या नीचतम तापमानापर्यंत, थंड केला तरी त्यात काही एन्ट्रॉपी, म्हणजे मांडणीतल्या अव्यवस्थेचं माप, उरेल, मोलमागे सुमारे ३.४ ज्यूल प्रति केल्विन. पुढच्याच वर्षी जिओक आणि स्टाउट यांचं मोजमाप त्याला येऊन मिळालं. क्ष-किरणांना हायड्रोजन जवळजवळ दिसत नाही, म्हणून थेट पुराव्यासाठी १९४९ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा जड पाण्याच्या (ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचं जड रूप असतं) बर्फावर न्यूट्रॉनांचा मारा करून पाहिलं, तर प्रत्येक काडीवर खरोखरच दोन अर्धे-अर्धे हायड्रोजन दिसले. म्हणजे सरासरीत कधी इकडे, कधी तिकडे.

तेव्हा आपल्या फ्रीजमधल्या बर्फात ऑक्सिजन कवायतीला उभे आहेत, पण हायड्रोजनांनी आपापली तोंडं हवी तिकडे केलेली आहेत. ती एका शिस्तीत आणली की वेगळा बर्फ होतो. पहिल्या बर्फाचा असा शिस्तीतला जोडीदार म्हणजे अकरावा, उणे २०१ अंशांच्या खालचा. तेवढ्या थंडीत हायड्रोजनांना वळायला बळ नसतं, म्हणून किंचित पोटॅशियम हायड्रॉक्साईड घालून जाळ्यात थोडे दोष पाडावे लागतात, मग त्या फटींच्या आधाराने रांग लागते. सातव्याचा जोडीदार आठवा, तिसऱ्याचा नववा, पाचव्याचा तेरावा, बाराव्याचा चौदावा, सहाव्याचा पंधरावा. यादी लांबली ती या जोड्यांमुळे. क्रमांक शोधाच्या ओळीने दिलेत, म्हणून त्यात दुसरा काही अर्थ शोधू नका.

सातवा बर्फ घरी दाखवता येणार नाही. पण पहिल्या बर्फाची ती पोकळी मात्र डोळ्यांनी दिसते. बर्फवाल्याकडून लादीचा काचेसारखा पारदर्शक तुकडा आणा, चपटा कापून भर उन्हात धरा आणि भिंगातून आत पाहा. उन्हाची उष्णता शिरली की बर्फ आतल्या आतही वितळायला लागतो, आणि स्फटिक चांगला असेल तर सहा पाकळ्यांची इवली फुलं उमलतात. जॉन टिंडलने १८५८ मध्ये त्यांचं वर्णन केलं. पाकळ्या पाण्याच्या. फुलात एक चकचकीत ठिपका असतो, तो हवेचा बुडबुडा वाटतो, पण त्यात हवा नाही. बर्फाचं पाणी झालं, पाण्याला जागा कमी लागली, उरलेली जागा तशीच रिकामी राहिली. खात्री करायची असेल तर तो तुकडा कोमट पाण्यात बुडवून वितळू द्या. ठिपका वर येत नाही, तिथेच मिटून जातो.